तारुण्यपिटिका आणि तरुणांचे मन

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त किला गेट, ग्वाल्हेर येथे सभासद व त्यांच्या कुटुंबीयांपुढे झालेले भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेचा गौरव करावा, जुन्या कार्यकर्त्यांचे स्मरण करावे आणि पुढील पिढीस उपदेशाचे चार शब्द सांगून खाली बसावे, अशी वहिवाट आहे. पहिली दोन कामे आमच्याहून अधिक अधिकारी मंडळींनी आज सकाळीच उत्तम रीतीने पार पाडली आहेत. तिसरे काम आमच्याकडे आले आहे. परंतु आज आम्ही तरुणांना उपदेश करणार नाही. तो करावयाचाच असेल तर आम्हां वडीलधाऱ्यांनाच करावयास हवा. विषयही असा आहे की ऐकून काहींना हसू येईल. विषय आहे मुरमांचा. शुद्ध भाषेत ज्यांना तारुण्यपिटिका म्हणतात त्यांचा.

हसावयाचे असेल तर अवश्य हसा. आम्हीही एके काळी हसलो होतो, आणि त्या हसण्याची हकीकत प्रथम सांगितल्यावाचून पुढे बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही.

आम्ही सारे आयुष्य शिक्षकाचा पेशा केला. अकरावीच्या एका वर्गात एक हुशार मुलगा पहिल्या बाकावर बसत असे. वक्तृत्वात त्याची बरोबरी करणारा दुसरा कोणी शाळेत नव्हता. थंडीच्या दिवसांत एके सकाळी तो वर्गात आला, तेव्हा त्याचे कपाळ आणि दोन्ही गाल लाल पुटकुळ्यांनी भरलेले होते. आपल्या या भागात, मोरेनेकडे जाताना, त्या दिवसांत मोहरीची शेते फुललेली असतात, हे आपण सारे जाणता. आम्हांस विनोद सुचला. आम्ही म्हणालो, "काय रे, यंदा मोहरी शेतात पेरलीत की गालावर? पीक मात्र झकास आले आहे!" वर्ग खदखदून हसला. तो मुलगाही हसला. तो हसला म्हणून आम्ही समजलो की विनोद निरुपद्रवी होता.

पुढच्या आठवड्यापासून तो शेवटच्या बाकावर भिंतीकडेला बसू लागला. स्नेहसंमेलनात त्याने भाषण केले नाही. वर्गाचा फोटो काढण्याच्या दिवशी तो गैरहजर राहिला. आम्ही हजेरीपटावर खूण केली आणि विसरलो.

बऱ्याच वर्षांनी महाराज बाड्यावर एका दाढीवाल्या गृहस्थाने वाकून नमस्कार केला. तोच तो. चहा घेता घेता बोलणे निघाले, आणि तो शांतपणे म्हणाला, "सर, त्या वर्षी खोलीतला आरसा मी तीन महिने भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. आईला वाटे, मुलगा अभ्यासाला लागला. मला मात्र रोज वाटे की आपण नसलो तर बरे." पुढे त्याच्या थोरल्या बहिणीच्या ध्यानात ते आले, तिने त्याला डॉक्टरकडे नेले, आणि तो सावरला. निघताना तो म्हणाला, "तुमच्यामुळे नव्हे हो, सर." हे त्याचे सौजन्य. आम्ही तसे समजत नाही. मुरूम आमच्यामुळे आले नव्हते, हे खरे. पण त्यांच्याकडे चाळीस जणांचे लक्ष आम्हीच वेधले होते.

त्या भेटीनंतर आम्ही या विषयाचे थोडे वाचन केले, जाणत्या डॉक्टरांना प्रश्न विचारले, आणि जे कळले ते आज आपणापुढे ठेवीत आहो.

प्रथम हा विकार काय आहे ते पाहू. तो काही आजचा नव्हे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या प्रकरणात 'मुखदूषिका' या नावाने त्याचे वर्णन आहे. तरुणांच्या तोंडावर काटेसावरीच्या काट्यांसारख्या पुळ्या येतात, असे तेथे म्हटले आहे. क्षुद्ररोग म्हणजे किरकोळ विकार. शरीराच्या दृष्टीने तो किरकोळ आहे, यात वाद नाही. मनाच्या दृष्टीने मात्र तो तसा नाही, आणि आमचे सारे सांगणे एवढेच आहे.

आजच्या शास्त्राप्रमाणे याची कारणे चार. वयात येताना शरीरात काही संप्रेरके वाढतात, आणि त्यांच्या प्रभावाने त्वचेखालील तैलग्रंथी अधिक तेल स्रवू लागतात. केसाच्या मुळाशी असलेले छिद्र मृत पेशींनी बुजते. आत साठलेल्या तेलात त्वचेवर नित्य राहणारे जंतू वाढतात. त्यामुळे दाह होऊन पुळी लाल होते व कधी पिकते. बारा ते चोवीस या वयातील सुमारे ८५ टक्के मुलामुलींना कमी-अधिक प्रमाणात हे होतेच. आणि काहींना, विशेषतः स्त्रियांना, पंचविशी-तिशीनंतरही ते होत राहते.

आता आपल्या घरोघरी याची जी कारणे सांगतात ती पाहा. "तोंड नीट धूत नाहीस." "पोट साफ नाही." "रक्त बिघडले आहे." "मनात भलते विचार येत असतील." "लग्न झाले की जातील." यांपैकी एकही खरे नाही. मुरूम मळाने होत नाहीत; दिवसातून दहा वेळा साबण लावणाऱ्याची त्वचा कोरडी पडून आग होते, एवढेच. खाण्याचा थोडा संबंध आहे: साखर, मैदा यांचे पदार्थ आणि काही जणांत दूध यांमुळे मुरूम वाढतात, असे पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे. केसांना थापलेले तेल कपाळावर उतरले तर तेथील छिद्रे बुजतात. शरीर कमावण्यासाठी काही मुले गुपचूप स्टेरॉइडची इंजेक्शने घेतात, त्यांनीही मुरूम उसळतात. परंतु या विकाराला स्वभावाचा दोष किंवा आळस मानणे हा निव्वळ अन्याय आहे. 'भलते विचार' ही समजूत तर सर्वांत क्रूर. कारण ज्या मुलाच्या तोंडावर पुळी आली त्याच्या शीलावरच आपण संशय घेतो, आणि तोही उघड न बोलता.

येथून जवळच, हजिऱ्याला, तानसेनाची समाधी आहे. तेथील चिंचेची पाने चघळली की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. पुष्कळांनी ती पाने चघळली. तानसेन मात्र एकच झाला. मुरमांवरील घरगुती उपायांचेही असेच आहे. लिंबू चोळणे, टूथपेस्ट लावणे, खडबडीत कापडाने घासणे, नखाने फोडणे, यांनी त्वचा भाजते किंवा खड्डा पडतो. गव्हाळ आणि सावळ्या वर्णावर तर पुळी बरी झाली तरी तिचा काळा डाग कित्येक महिने राहतो. म्हणून आपल्याकडील मुलामुलींचे दुःख पुळ्या गेल्याबरोबर संपत नाही.

आता मुख्य मुद्दा. मुरूम आणि नैराश्य यांचा खरोखरच संबंध आहे काय, की ही आमच्यासारख्या हळव्या माणसाची कल्पना? अमेरिकेतील प्रख्यात त्वचारोगतज्ज्ञ मॅरियन सल्झबर्गर यांनी एका सहकाऱ्यासह १९४८ सालीच बजावून ठेवले होते की मनाला इतकी इजा करणारा दुसरा विकार क्वचितच असेल. पुढे आकडेवारीने ते बोलणे खरे ठरविले. ब्रिटनमधील घरगुती डॉक्टरांच्या १९८६ ते २०१२ या काळातील नोंदी तपासून २०१८ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुरमांचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात अशा रुग्णांत तीव्र नैराश्याचा धोका इतरांपेक्षा ६३ टक्क्यांनी अधिक आढळला. पुढील वर्षांत तो हळूहळू उतरत गेला. नॉर्वेच्या ओस्लो शहरात अठरा-एकोणीस वर्षांच्या ३,७७५ मुलामुलींना प्रश्न विचारण्यात आले. त्याचा अहवाल २०११ साली आला. ज्या मुलींना मुरमांचा त्रास फार होता त्यांच्या मनात जीव देण्याचे विचार इतर मुलींच्या दुप्पट, आणि मुलांत तर तिप्पट आढळले. "मुलग्यांना काय होते त्याचे?" असे आपण म्हणतो. हा तिपटीचा आकडा ऐकल्यावर तसे म्हणण्याचे धाडस आम्हांस उरले नाही.

यावरून मुरूम आले की नैराश्य येतेच, असे कोणी समजू नये. बहुसंख्य मुले हसतखेळत यातून पार पडतात. परंतु डॉक्टर मंडळी एक गोष्ट आवर्जून सांगतात: मनाचे दुःख पुळ्यांच्या संख्येवर मोजता येत नाही. एखाद्याचा चेहरा भरलेला असतो आणि तो निश्चिंत असतो. दुसऱ्याच्या हनुवटीवर चारच पुळ्या असतात आणि तो घराबाहेर पडत नाही. म्हणून "एवढेसे तर आहे, त्यात काय?" हे वाक्य आपण कधीही उच्चारू नये. किती आहे ते पाहणाऱ्याने ठरवायचे नसते.

हे दुष्टचक्र कसे फिरते तेही समजून घ्यावे. मुलगा आरशात पाहतो, लाजतो, मित्रांत जाणे टाळतो. एकटा बसल्याने मन अधिक खचते. झोप बिघडते. ताण वाढला की मुरूमही वाढतात. कारण शरीर आणि मन ही दोन वेगळी घरे नव्हेत. शिवाय नैराश्याचा आजार पुष्कळांत याच वयात प्रथम डोके वर काढतो. स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर केस येत असतील आणि मुरूम हटत नसतील, तर बीजाशयाचा 'पीसीओएस' नावाचा विकार असू शकतो. त्यात मुरूम व नैराश्य दोन्ही अधिक आढळतात. अशा मुलीला नुसते मलम देऊन भागत नाही. तिची पुरती तपासणी व्हावयास हवी.

आता आमच्या घरातली गोष्ट सांगतो. ती आमच्या पुतणीची आहे, आणि तिच्या संमतीने सांगत आहो. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला असताना तिला मुरूम आले. चैत्रातल्या हळदीकुंकवाला गेली की एक मावशी विचारीत, "अगं, तोंडाला काय झाले?" दुसऱ्या काकू म्हणत, "मसूरडाळ लाव." तिसऱ्या हळूच तिच्या आईला सांगत, "आता स्थळे पाहायची, लवकर काही करा." तिघींच्याही मनात माया होती. पण मुलीला एका संध्याकाळी तीन वेळा आपल्या चेहऱ्याचा हिशेब द्यावा लागे. तिने हळदीकुंकवाला जाणे सोडले. मग कॉलेजच्या प्रयोगशाळेतही जाईनाशी झाली. आम्ही सारे म्हणत होतो, "वय आहे, जाईल आपोआप."

तिने स्वतःच एका औषधाच्या दुकानातून, कोणाच्या चिठ्ठीवाचून, एक मलम आणले. चार दिवसांत चेहरा नितळ आणि गोरा दिसू लागला. घरात आनंद झाला. आम्हीही शाबासकी दिली. मलम थांबविले की पुळ्या दुप्पट जोराने येत, म्हणून ती ते लावीतच राहिली. सहा महिन्यांत त्वचा पातळ व लाल झाली, उन्हात आग होऊ लागली, गालावर लव वाढली. ते मलम स्टेरॉइडचे होते. हा प्रकार आपल्या देशात इतका पसरला आहे की २०११ साली प्रसिद्ध झालेल्या बारा केंद्रांच्या पाहणीत चेहऱ्याच्या विकारांसाठी आलेल्या २,९२६ रुग्णांपैकी ४३३ जण असली मलमे लावीत असल्याचे आढळले. २०१८ साली केंद्र सरकारने अशी अनेक मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम केला. तरीही मलमाच्या नळीवर काय लिहिले आहे ते वाचण्याची, आणि गोरेपणाचा झटपट वायदा करणाऱ्या वस्तूकडे संशयाने पाहण्याची सवय आपणच लावून घेतली पाहिजे.

शेवटी तिच्या आईने एके रात्री तिला विचारले. चेहऱ्याविषयी विचारले नाही. "तुला बरे वाटत नाही का गं? जीव रमत नाही का?" एवढेच विचारले. मुलगी पहाटेपर्यंत बोलत होती. दुसऱ्या दिवशी तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी चेहरा पाहिला, औषध लिहिले, आणि मग झोप, भूक, अभ्यास यांविषयी विचारून मानसोपचारतज्ज्ञांकडेही पाठविले. दोन्ही उपचार बरोबर चालले. पुळ्या आटोक्यात यायला पाच महिने लागले. ती घरात गुणगुणू लागली ती मात्र त्याच्या बरीच आधी. आज ती नोकरी करते. गालावर दोन-तीन खड्डे आहेत, आणि त्यांच्याविषयी ती स्वतःच आम्हांस सांगते, "काका, राहू देत."

उपचारांविषयी थोडक्यात सांगतो. औषध मात्र डॉक्टरांनीच ठरवावे. सौम्य मुरमांवर बेन्झॉइल पेरॉक्साइड आणि ॲडॅपॅलीन यांसारखी लावण्याची औषधे आहेत. पहिले टॉवेल-उशीचा रंग घालविते. दुसरे रात्री लावावयाचे असते व आरंभी थोडी आग होते. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. बहुतेक मुले दुसऱ्याच आठवड्यात "उपयोग नाही" म्हणून सोडून देतात. येथे घरच्यांनी धीर द्यावा. तीव्र मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइन हे पोटात घेण्याचे औषध अमेरिकेत १९८२ साली मान्य झाले व आता आपल्याकडेही सर्रास दिले जाते. गर्भावर त्याचा घोर परिणाम होतो, म्हणून ते चालू असताना आणि नंतर एक महिना गर्भधारणा होता कामा नये. त्याने नैराश्य येते अशी भीती पुष्कळांना वाटते. स्वीडनमध्ये हे औषध घेतलेल्या पाच हजारांहून अधिक रुग्णांचा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला; त्यात आत्मघाताच्या प्रयत्नांचे प्रमाण औषध सुरू होण्याच्या आधीपासूनच वाढत असल्याचे दिसले. म्हणजे दोष बराचसा मूळ दुःखाचा होता. तरीही औषध चालू असता मन उदास झाले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे, आणि पूर्वी नैराश्य येऊन गेले असेल तर आधीच सांगावे.

नैराश्य ओळखावे कसे? डॉक्टर मंडळी सुरुवातीला दोन प्रश्न विचारतात, ते आपणही विचारू शकतो. गेल्या दोन आठवड्यांत बहुतेक दिवस मन उदास किंवा हताश होते काय? पूर्वी ज्यात गोडी वाटे त्यातली गोडी गेली आहे काय? एकाचेही उत्तर "हो" असे आले तर थट्टा नको, व्याख्यान नको; डॉक्टरांची भेट घ्यावी. आणि मूल "आपण नसलो तर बरे" असे म्हणाले, तर ते बोलणे खरे मानावे. त्याला स्पष्ट विचारावे, एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी मदत घ्यावी. विचारल्याने तो विचार मनात नव्याने शिरत नाही. उलट ओझे हलके होते.

मदत दूर नाही. आपल्या गावात १९४६ साली स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याशी जोडलेल्या जयारोग्य रुग्णालयात त्वचेचा आणि मानसोपचाराचा, असे दोन्ही विभाग आहेत. ग्वाल्हेरात मनाच्या डॉक्टरचे नाव काढले की लोकांच्या डोळ्यांपुढे १९३५ साली उभी राहिलेली मानसिक आरोग्यशाला येते, आणि माणसे गप्प होतात. त्या संस्थेने हजारो कुटुंबांना आधार दिला आहे. तिचे नाव ऐकून लाजण्याचे कारण नाही. शिवाय मन खिन्न झालेल्या मुलाला भरती करावे लागत नाही. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांशी बोलणे बहुधा पुरते. तेही जमत नसेल तर भारत सरकारची 'टेली मानस' सेवा आहे. ती ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ हा क्रमांक फिरविला की कोणत्याही वेळी, पैसे न देता, प्रशिक्षित माणसाशी बोलता येते. स्मरणिकेच्या याच पानाचा कोपरा दुमडून ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

शेवटी, न्यासापुढे दोन सूचना ठेवतो. पहिली अशी की, आपल्या वार्षिक आरोग्यतपासणीच्या दिवशी डोळ्यांच्या व रक्तदाबाच्या डॉक्टरांबरोबर एक त्वचेचे आणि एक मनाचे डॉक्टर बोलवावेत, आणि त्यांच्या टेबलांवर निरनिराळ्या पाट्या लावू नयेत. मुरूम दाखवायला आलेल्या मुलाला मनातलेही सांगता यावे. दुसरी सूचना भगिनींना व आम्हां सर्वांनाच आहे. हळदीकुंकू असो, गणेशोत्सव असो, लग्न असो, कोणाच्याही मुलामुलीच्या चेहऱ्याविषयी आपण होऊन एक शब्दही काढावयाचा नाही. काय करतेस, काय वाचतोस, गाणे चालू आहे ना, हे विचारावे. एक वर्ष हा नियम पाळून पाहू. याला निधी लागत नाही, ठराव लागत नाही.

या किला गेटावरून वर चढू लागले की गुजरी महालातले संग्रहालय लागते. तेथे ग्यारसपूरहून आणलेली शालभंजिका आहे. तिचे हात तुटलेले आहेत, पाय तुटलेले आहेत. आपल्याकडे पाहुणे आले की आपण त्यांना मुद्दाम ती दाखवायला नेतो, आणि सारे तिच्या मुखावरील स्मित पाहत उभे राहतात. तिच्यासमोर उभे राहून "अरेरे, हाताला काय झाले?" असे विचारणारा मनुष्य आम्ही अद्याप पाहिलेला नाही. दगडाच्या मूर्तीशी आपण जी सभ्यता पाळतो, तेवढीच आपल्या घरातल्या मुलांशी पाळावी, इतकेच आमचे मागणे आहे.